सोडण्याचे कारण

दिग्रस
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्राचीस,
अ. उ. आ.

नागपूरची नोकरी सोडल्याचे तुझ्या बाबांकडून कळले. फोनवर तू नंतर बोलते म्हणून सुटतेस, म्हणून पत्र लिहिते. पत्राला उत्तर द्यावे लागते.

बी.एस्सी. ॲग्री होऊन तुला अडीच वर्षे झाली आणि ही पाचवी नोकरी सुटली. आपल्या घरात आजवर बदल्या झाल्या, नोकऱ्या बदलल्या नाहीत. तुझे आजोबा तहसील कचेरीत, बाबा पाटबंधारे खात्यात, आणि मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेत एकाच शाखेत, लोकांच्या नेमणुका आणि रजा नोंदवत. चंद्रशेखर, म्हणजे तुझा बाप, फार चिडला आहे. त्याचे म्हणणे, उमरखेडला मुलाखत दिली आहे तर तेवढे पाहू. तेही जमले नाही तर प्राचीने गुमान यवतमाळला यावे आणि लिपिकाच्या परीक्षेच्या क्लासला बसावे. क्लासची वेळसुद्धा तो विचारून आला आहे.

मी त्याला म्हटले, आधी पोरीला विचारू. तर विचारते. पाचही ठिकाणे तारखांसह लिहून पाठव आणि प्रत्येकासमोर सोडण्याचे खरे कारण लिही. रडगाणे नको.

जेवणाची आबाळ करू नये. रागावले आहे, पण लोभ जागेवर आहे.

तुझी आत्या,
रजनी


उमरखेड
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र म्हणजे कारणे दाखवा नोटीसच. यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे, पण थोडक्यात इथेही सांगते.

पुसदला बियाण्यांच्या कंपनीत चार महिने. गेल्या हंगामातले उरलेले बियाणे नवे म्हणून खपवायला सांगत, म्हणून सोडली. दिग्रसचे जिनिंग तुझ्यासमोरच झाले. कापसाचा हंगाम संपला, काम संपले. मग केळापूरकडे पीक नुकसानीचे सर्वेक्षण. तिथले साहेब म्हणायचे, मॅडम, कायले उन्हात फिरता, हॉटेलात बसून फॉर्म भरा. दोन महिन्यांत सोडले. यवतमाळचा शिकवणी वर्ग मालकानेच बंद केला. आणि नागपूरला दिवसभर फोनवर लोकांना खते विकायची होती. तिथे कुणाचे काही चुकले नाही, आत्या. मला कंटाळा आला. एका सकाळी उठले आणि गेलेच नाही.

उमरखेडचे काम मला मनापासून हवे आहे. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली हळदीची कंपनी आहे. आलेल्या मालातला ओलावा तपासायचा, भेसळ पाहायची, कोणता ढीग घ्यायचा ते ठरवायचे. जे शिकले तेच करायला पहिल्यांदा मिळते आहे. मैत्रीण वर्षा इथेच असते, तिच्या खोलीवर राहते आहे. ओळखीची व्यक्ती म्हणून अर्जात तुझे नाव दिले आहे. व्यवस्थापक संघदीप सर तुला विचारतील, दोन चांगल्या ओळी लिही.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्राची


दिग्रस
१९ फेब्रुवारी २०२५

चि. प्राचीस,
अ. उ. आ.

तुझी कारणे वाचली. दोन पटली, दोन तुझ्या हातची नव्हती असे दिसले, आणि पाचव्याला, कंटाळ्याला, कचेरीत कारण म्हणत नाहीत. पण ते कारण तू लपवले नाहीस, म्हणून त्याचाही राग गिळला.

संघदीप यांचे पत्र सोमवारी आले. मी त्याच दिवशी उत्तर टाकले. दोन चांगल्या ओळी लिहिणे मला जमत नाही. त्या सगळेच लिहितात आणि कुणी वाचत नाही. मी पाचही नोकऱ्यांचा तक्ता करून पाठवला. रुजू दिनांक, सोडल्याचा दिनांक, सोडण्याचे कारण, आणि शेवटी शेरा : काम चोख, स्वभाव तापट. खाली नोंदी तपासल्या, बरोबर आहेत असे लिहून सही केली. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांचे असे कागद केले. घरच्या लेकराचा पहिल्यांदाच केला. अक्षरही चांगले आले होते.

आता निवांत राहा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आत्या,
रजनी


उमरखेड
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, हे तू काहून केलंस?

मी अर्जात दोनच नोकऱ्या लिहिल्या होत्या. जिनिंग आणि शिकवणी वर्ग. ज्या आपोआप संपल्या त्या लिहिल्या, ज्या मी सोडल्या त्या गाळल्या. वर्षा म्हणाली होती की पाच लिहिल्यास तर दारातूनच परत पाठवतील. संघदीप सरांनी आज माझा अर्ज आणि तुझा तक्ता टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि विचारले की यातली खरी प्राची कोणती.

दहा मार्चला, सोमवारी, मला अध्यक्षांसमोर बोलावले आहे. सुखीबाई राठोड, तांड्यावरच्या, कंपनी त्यांनीच उभी केली. त्या नाही म्हणाल्या की संपले. मग बाबांचा क्लास आहेच.

तुला मी दोन ओळी मागितल्या होत्या. आज लोभाबद्दल काही लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

प्राची


दिग्रस
१ मार्च २०२५

चि. प्राचीस,
अ. उ. आ.

रागाचे पत्र मिळाले. क्रमाने उत्तर देते.

तू नोकऱ्या सोडल्यास हा गुन्हा नाही. लपवल्यास, तो आहे. त्याबद्दल मी तुझी समजूत काढणार नाही.

माझी चूक वेगळी आहे. आमच्या कचेरीत कर्मचाऱ्याला दाखवून, त्याची सही घेतल्याशिवाय त्याची नोंद बाहेर जात नसे. हा नियम मी शिपायासाठीही पाळला. तुझ्यासाठी पाळला नाही, कारण तू घरची. घरच्यांना विचारायचे नसते असे मी धरून चालले. माफ कर. हा शब्द मी फारदा लिहिलेला नाही.

आणखी एक सांगते. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी अमरावतीच्या कॉलेजात शिकवण्याची संधी आली होती. मी राजीनामा लिहिला. तुझ्या आजोबांनी मला न विचारता माझ्या साहेबांना भेटून तो परत आणला. मग मी सत्तावीस वर्षे राहिले. का राहिले, हे मला कुणी कधी विचारले नाही. कारण फक्त सोडणाऱ्याला विचारतात.

सोमवारी जा. माझ्यावर ढकलू नकोस आणि वर्षावरही नाही. मान खाली घालून बसू नकोस.

राग असेपर्यंत पत्र नाही आले तरी चालेल. माझे येत राहील.

आत्या


उमरखेड
१२ मार्च २०२५

ती. आत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

सोमवारी झाले ते सांगते. सुखीबाई हळदीच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या की मले वाचता येते, पण चष्मा घरी राह्यला, तूच वाच मोठ्यानं. तुझा तक्ता मी स्वतः वाचून दाखवला, आत्या. कंटाळा आणि तापट स्वभावासकट. हमालसुद्धा ऐकत होते. तापटवर एक जण हसला, तर बाईंनी त्याला विचारले की तुही बायको काय गाय हाये काय.

मग मला म्हणाल्या, बेकार बियाणं विकलं नाही, हॉटेलात बसून फॉर्म भरले नाही, हे तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं. तेच काहून गाळलं? मी खरे ते सांगितले. सोडून आले याची लाज वाटत होती, घरी कुणी कधी सोडली नाही म्हणून. त्या म्हणाल्या की आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून गावोगाव फिरले, कुणी त्यायले म्हटलं नाही की टिकत नाही. पण खोटं बोलला तर दुसऱ्यांदा कुणी माल देत नव्हतं.

निकाल असा की तीन महिने कामावर ठेवून परीक्षा. रोज तपासलेल्या मालावर माझी सही, आणि पहिली चूक लपवली की त्याच दिवशी घरी. नागपूरसारखी न सांगता गायब झाली तर, त्या म्हणाल्या, तुले घेऊन यायले मी स्वतः येईन. संघदीप सरांनी नवीन अर्ज भरून घेतला. पाच ओळी लिहिल्या.

काल बाबांना फोन करून सगळे सांगितले, लपवल्याचेही. मला वाटले, आता क्लासचे काढतील. तर म्हणाले की उमरखेडात ऊन फार, घरचा कूलर रविवारी एसटीने पाठवतो, उतरवून घ्यायला जा.

राग गेला. लोभ असू दे. पण माझा कागद असेल तर आधी मला दाखव.

तुझी,
प्राची