जगन्नाथरावांनी मोठ्याने वाचावे

मी, महादेवराव शंभूराव माने, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय पेन्शन, राहणार बोगादी, म्हैसूर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नव्हे तर घरातल्या सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे.

शुद्धीबद्दल डॉ. नरसिंहमूर्ती यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मुख्यमंत्री कोण ते विचारले. मी म्हणालो, सकाळच्या पेपराप्रमाणे सांगू की संध्याकाळच्या टीव्हीप्रमाणे? डॉक्टरांनी पुढचे काही न विचारता सही केली.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे. एकही केलेले नाही, पण वकील व्यासराज म्हणाले की हे वाक्य लागतेच, म्हणून न केलेली रद्द करत आहे. वकिलांचे म्हणणे, कन्नडात किंवा इंग्रजीत लिहा, पुढे सोपे जाईल. पस्तीस वर्षे मी सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. कचेरीत कन्नड बोललो, नकाशावर इंग्रजी लिहिले, पण भांडलो ते मराठीत. मृत्युपत्रात बरेचसे भांडणच असल्याने ते मराठीत आहे.

कलम १. बोगादीतले घर, तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवरचे, तळमजला आणि वरचा मजला, हे मुलगा श्रीनिधी आणि मुलगी हरिणी यांना समसमान. घराचा नकाशा मी स्वतः काढला, सन १९९४. जिन्याची अकरावी पायरी इतरांपेक्षा अर्धा इंच उंच आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे ठेचकाळतो आणि मी एकतीस वर्षे गवंड्याला नावे ठेवत आलो. चूक नकाशात होती. गवंड्याने कागदाबरहुकूम बांधले. तो बिचारा आता नाही, म्हणून इथे कबूल करतो. घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला पायरीबद्दल आधी सांगावे.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या. आकडे पासबुकात आहेत.

कलम ३. माझा मोबाइल श्रीनिधीला. त्यातील ‘माने परिवार’ या ग्रुपचा मी अॅडमिन आहे, ते पद हरिणीला, कारण श्रीनिधी कोणालाही आत घेतो. मी देशाच्या परिस्थितीवर रोज सकाळी जे लिहीत असे, ते ग्रुपमधल्या कोणीही वाचलेले नाही हे मला ठाऊक आहे. एकदा मुद्दाम मधोमध लिहिले की मी उद्यापासून संन्यास घेत आहे. चौदा जणांनी अंगठा दाखवला. माझ्या निधनानंतर या चौदा जणांनी गुलाबाचे चित्र टाकू नये.

कलम ४. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याची फाइल श्रीनिधीला. तीत माझे सतरा अर्ज, खड्ड्याचा आराखडा आणि दोन छेद आहेत, प्रमाण १:२०. खड्डा दर निवडणुकीला बुजतो आणि निकालानंतर उघडतो, त्यामुळे दर वेळी नवे माप घ्यावे. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईची पेने हरिणीला. ती सगळे कॉम्प्युटरवर करते आणि बोर्ड बघून हसते. हसली तरी चालेल, पण पेने धुऊन ठेवावीत.

कलम ५. शेजारच्या घरातले जगन्नाथराव बोरकर, कडकोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले सुपरवायझर. १९९५ साली कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कोणीतरी स्कूटरला मराठीत शिव्या घालत होते. ऐकून मला इतका आनंद झाला की मी स्टुलावर चढून डोकावलो. ती आमची ओळख. मी कन्नड पेपर घेत असे, ते इंग्रजी. रोज सव्वाआठला भिंतीवर पेपरांची अदलाबदल व्हायची. वारा उडवू नये म्हणून वर कडप्प्याचा तुकडा. मग दोन्ही बाजूंनी कॉफी, आणि जगात काय चालले आहे आणि काय चालायला हवे, याचा निकाल आम्ही पावणेनऊपर्यंत लावत असू. सत्तावीस वर्षे एक दिवस खंड नाही.

त्यांच्याबद्दल माझी लेखी तक्रार अशी, की त्यांचा पेपर माझ्याकडे येई तेव्हा त्यातले सुडोकू भरलेले असे. तेही पेनने. तेही चुकीचे. शिवाय २०२२ च्या जुलैत शहरातले जुने मार्केट पाडायचे की डागडुजी करायची यावरून आमचे बिनसले. ते पाडण्याच्या बाजूचे, मी डागडुजीच्या. आम्हा दोघांची तिथे एक वीटही नाही, पण तेव्हापासून बोलणे बंद आहे. सबब जगन्नाथरावांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळणार नाही. तेराव्या दिवशी जेवायला बोलवावे, शेजारधर्म आहे. पानात होळिगे, म्हणजे पुरणपोळी, एकदाच वाढावी.

इथे मृत्युपत्र संपले होते.

सुधारणा क्र. १. आमच्या कामात शाईने काढलेल्या नकाशावर खोडायचे नसते. चूक झाली तर खाली ‘सुधारणा’ म्हणून नंबर घालून लिहायचे, म्हणजे आधी काय होते आणि मग काय झाले ते पाहणाऱ्याला कळते. तोच नियम इथे लावत आहे.

शनिवारी मी पहिले पान श्रीनिधीला वाचायला दिले. तो शाळेत हिंदी शिकला आहे, अक्षरे लावतो. मराठी म्हणाल तर कॉफी दे, लाइट बंद कर, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. पानाला त्याने वीस मिनिटे घेतली. त्याला ‘जिना’, ‘अकरावी पायरी’ आणि ‘ठेचकाळतो’ एवढे लागले, आणि त्यावरून त्याने बंगळुरूला हरिणीला फोन केला की अप्पा जिन्यावरून पडले आहेत आणि मृत्युपत्र लिहायला बसले आहेत. हरिणी चार तासांत कपड्यांची बॅग आणि डझनभर मोसंबी घेऊन दारात उभी. मी डोसा खात होतो.

तिने पान हातात घेतले, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, “अप्पा, अक्षर किती छान आहे हो तुमचं.” मजकूर तिला एक ओळही लागला नव्हता. दोष तिचा नाही. पोरांशी मराठीत बोलत राहा असे मला त्यांची आई, अंबुबाई, सांगत असे, आणि मी कचेरीतून दमून येऊन कन्नडात ओरडत असे. या घरात माझे मराठी वाचणारी तीच एक होती. मी लिहिलेले अर्ज, पत्रे, सगळे आधी ती वाचायची आणि ‘एवढं तिखट नको’ म्हणायची. तिला जाऊन जवळजवळ साडेचार वर्षे झाली.

म्हणजे मी मेल्यावर हे कोण वाचणार? घरची गोष्ट परक्या माणसाकडे न्यायची नाही. मराठी येणारा आणि माझे अक्षर लागणारा एकच माणूस उरतो आणि तो भिंतीपलीकडे आहे. ज्याला होळिगे एकदाच वाढा असे मी लिहिले आहे, तोच माणूस माझ्या मुलांना ते वाचून दाखवणार. आणि मी त्यांना ओळखतो, नेमके ते वाक्य गाळणार. म्हणून आज्ञा: हे मृत्युपत्र जगन्नाथरावांनी वाचावे, मोठ्याने वाचावे, आणि काही गाळू नये.

सुधारणा क्र. २. वाचणारे तेच असतील तर कलम ५ मध्ये खोटे ठेवून उपयोग नाही. आमचे मार्केटवरून बिनसले नाही. मार्केट मी लोकांना सांगायला वापरले.

अंबुबाईची छत्री आमच्या दाराच्या आत खिळ्याला आहे, दार उघडे असले की भिंतीपलीकडूनही दिसते. मरून रंगाची, एक काडी वाकलेली. हॉस्पिटलात जायच्या दोन दिवस आधी ती पावसातून फुले घेऊन आली आणि ओली छत्री तिथे अडकवली. ती मी काढलेली नाही. खालच्या फरशीवर पाण्याचा डाग पडला, तोही पुसू दिलेला नाही. यात काय शहाणपणा आहे असे मला कोणी विचारू नये.

तिचे वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात आम्ही उभ्याने कॉफी घेत होतो, आणखी चार पेन्शनर होते, मार्केटचा वाद रंगात आला होता. जगन्नाथराव म्हणाले, “यांचं काय ऐकताय? बायको गेली तरी यांनी तिची छत्री दारातून काढली नाही. हे मार्केट काय सोडणार?” चौघे हसले. मी कप अर्धा ठेवून घरी आलो. मला राग आला नव्हता, मला लाज वाटली होती, आणि लाज वाटल्याचा राग नंतर आला. तो अजून आहे.

तेव्हापासून तीन वर्षे चार महिने भिंतीवर नुसता कडप्पा आहे. मला कन्नड पेपरातले अर्धे जग कळते. दुसरा पेपर लावणे परवडत नाही असे नाही, पण लावला नाही. गच्चीवरून बघितले आहे, त्यांच्याकडेही अजून एकच पेपर पडतो.

सबब कलम ५ बदलून असे: अंबुबाईची छत्री माझ्या पश्चात जगन्नाथरावांना द्यावी. त्यांनी ती आपल्या दारात अडकवावी आणि मग काढून बघावी. मला जे जमले नाही ते त्यांना किती सोपे जाते हे कळू दे.

सुधारणा क्र. ३. आज सव्वाआठला ही सगळी पाने कन्नड पेपरात गुंडाळून मी भिंतीवर ठेवली आणि वर कडप्पा. आत येऊन कपाट उगाच लावत बसलो. नऊला गेटचा आवाज झाला. तीस वर्षांत हा माणूस गेटमधून आला नव्हता, सगळे भिंतीवरूनच. चष्मा कपाळावर, पाने काखेत. दारातून आत येताना छत्रीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी अंग चोरले, ते मी पाहिले.

बसले. कॉफी झाली. म्हणाले, अकरावी पायरी तुमची चूक आहे हे मला पंच्याण्णवपासून ठाऊक आहे, गवंडी माझ्याकडेही कामाला होता. मग कप खाली ठेवला.

“तेव्हा बोललो ते चुकलं,” ते म्हणाले. “घरी पोचायच्या आत कळलं होतं. पण भिंतीपर्यंत यायला…”

“तीन वर्षं लागली?” मी विचारले.

“सुम्ने बसा हो,” असे म्हणून ते चष्मा पुसू लागले. सुम्ने म्हणजे गप्प, पण आमच्यात ते रागावून म्हणत नाहीत.

मग वकील व्यासराजांना फोन लावला. त्यांनी एक अडचण सांगितली. साक्षीदार दोन हवेत. एक डॉक्टर आहेत, दुसरे जगन्नाथराव चालतील. परंतु ज्याला मृत्युपत्रात काही दिलेले आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर सही चालते आणि दिलेले बाद होते. म्हणजे जगन्नाथरावांनी सही केली तर छत्री त्यांना मिळत नाही. सही नाही केली तर माझ्या पश्चात ती त्यांच्या दारात जाते. मी त्यांना हे दोनदा समजावून सांगितले आणि पेन दोघांच्या मध्ये ठेवले आहे. काय करायचे ते त्यांनी ठरवावे. मी आता खाली सही करून कॉफीचे कप धुवायला जात आहे.

ठिकाण: बोगादी, म्हैसूर
तारीख: ११ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: (सही) महादेवराव शंभूराव माने

साक्षीदार १: (सही) डॉ. नरसिंहमूर्ती. मजकूर वाचता आला नाही. माणूस ठीक आहे.

साक्षीदार २: (सही) जगन्नाथराव विठोबा बोरकर. सर्व वाचले, काही गाळले नाही. सुडोकूचा आरोप अमान्य. मी आधी गेलो तर हे कोण वाचणार याचा विचार महादेवरावांनी केलेला दिसत नाही, तरी श्रीनिधीने उद्यापासून मराठी वाचायला शिकण्यासाठी सव्वाआठला भिंतीपाशी यावे, माझा पेपरही तिथेच असेल. छत्रीवरचा माझा हक्क या सहीने गेला हे मला समजले आहे. समजूनच सही केली. ती आहे त्या खिळ्यावर राहू द्या.