शनीच्या होऱ्यातली तबकडी

१ जानेवारी, बुधवार
आनंदनगरच्या कारखान्यात आज रुजू झाले. मशीन नवं, खिडकी पूर्वेला, चहाही बरा. माझं काम धातूवर आकृत्या कोरण्याचं. वैद्यकीय तपासणीत वजन ५२.००० किलो भरलं. मालक गुरुदत्त सरांनी एकच नियम सांगितला: जो काम करेल त्याने मागे आपल्या नावाचा ठसा मारायचा, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. पटलं. आधीची ऑपरेटर स्वप्नाली आजारी पडून वांगणीला घरी गेली म्हणे.

४ जानेवारी, शनिवार
इटलीच्या ग्राहकाचं काम. शिशाची तबकडी, ०.५४० किलो. तिच्यावर विळा घेतलेला म्हातारा, म्हणजे त्यांचा शनी. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, शनीच्या होऱ्यातच कोरायचा. सर म्हणाले, विधी अरबी ज्योतिषांचा. तिथून लॅटिनमध्ये गेला, युरोपातले मांत्रिक अजून पाळतात. मी कोरायची खोली तेवढी विचारली. ०.४ मिमी. ७:१५ ते ८:०५. मागे ठसा मारला: राजसी.

६ जानेवारी, सोमवार
तबकडी १.१४०. काटा तपासला, बरोबर आहे. मग स्वतः चढले. ५१.४००. बेरीज ५२.५४०. शनिवारी होती तेवढीच.
सरांच्या टेबलावरचा ग्राहकाचा कागद वाचला. मागे ज्याचं नाव, त्याचा सगळा भार शनी ओढून घेतो. मागची बाजू कोरी पाठवायची होती, नाव ग्राहक घालणार. ठसा मी नियम म्हणून मारला.

८ जानेवारी
तबकडी ९.२४०. मी ४३.३००. कपडे तेच, तसेच बसतात. पायरी उतरताना पाऊल टेकायला उशीर होतो.
सर म्हणाले, नाव घासून टाक ना, सिंपल आहे. झाडू मारणाऱ्या भिमाबाईंनी मला बाजूला ओढलं. "नको गो पोरी. सपनालीनं बी घासलं. मंग काट्यावर उभी रायली तं शून्य! तबकडी उचलाया दोन गडी लागले."
वांगणीला फोन केला. स्वप्नाली घरी पोचलीच नाही.

१० जानेवारी
तबकडी २४.०४०. मी २८.५००. खिशांत नट-बोल्ट भरलेत. सर म्हणतात, सुट्टी घे. नाही घेणार. नाव माझं आहे, ते राहील. म्हातारा घासेन. त्याच्याच होऱ्यात.

११ जानेवारी, शनिवार
७:१६. पट्ट्याने स्वतःला मशीनला बांधलंय. भिमाबाई दाराशी. जा म्हटलं, जात नाहीत.
७:१८. विळा गेला. टाचा जमिनीला लागल्या —
७:२०. म्हाताऱ्याचा हात गेला. त्याने मान वळवली. तशी मी कोरली नव्हती.
बघ, म्हाताऱ्या. नीट बघून घे. नाव राजसी. कटर त्याच्या तोंडावर खाली घेते —