‘तळ’ उतरवू नकोस

प्रिय इम्या,

तुझा नवा अल्बम ‘तळ’ तू रविवारी नेटवरून उतरवणार आहेस, हे मला तुझ्याकडून नाही, सुनीलकडून कळलं. सोनईचा सुनील. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे ना, तो, दंडावर तुझ्या ‘झोटिंग’ बँडची कवटी गोंदवलेला. काल दुपारी गाडी दारात लावून तो तसाच आत आला आणि तुझी पोस्ट माझ्या नाकासमोर धरली. “मित्रांनो, चूक झाली. ‘तळ’ विसरा. रविवारनंतर तो कुठंच सापडणार नाही. डिसेंबरात नगरला भेटू. जुना झोटिंग, जुनी पेटी, जुनं रक्त.” खाली लोकांनी आगीची चित्रं टाकलीत, शिट्ट्या मारल्यात. मी ते वाचलं आणि तेव्हापासून एका जागी बसलेलो नाही. ओटा, अंगण, गच्ची, परत ओटा. मुक्ता म्हणाली, फरशी झिजवण्यापेक्षा लिहा त्याला. म्हणून लिहितोय. पत्र स्टीफनच्या हाती देतोय, तो शनिवारी टेम्पो घेऊन पुण्याला निघालाय. तुझं वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय.

तू फोन केलेस ते मला माहीत आहे. प्रत्येक वेळी मुक्तानं तुला सांगितलं की ते आंघोळीला गेलेत. पंचावन्न वर्षं तू मला ओळखतोस. मी एवढी आंघोळ करणारा माणूस नाही, हे तुला कळायला हवं होतं. गोरक्ष रागावलाय असं तू धरून चालला असशील. रागावलोय. पण फोन न घेण्याचं कारण ते नव्हे.

आधी राग घे. चूक झाली म्हणजे काय? कुणी सांगितलं तुला? आपल्या गावातल्या पाट्यांवर अहिल्यानगर झालं तरी लोकांच्या तोंडात नगरच राहिलं. इथं काहीही इतक्या लवकर बदलत नाही, आणि तू चार महिन्यांत मोडलास? मिशनच्या शाळेतून तुला केसांवरून बाहेर काढलं होतं, तू केस कापले नाहीस. अब्राहाम काकांनी भर देवळात, चर्चच्या व्यासपीठावरून तुला ‘सैतानाचा भोंगा’ म्हटलं, तर तू पुढच्या आठवड्यात तेच शब्द टी-शर्टवर छापून आणलेस आणि एक त्यांनाही नेऊन दिलास. तो इमॅन्युएल कॉमेंटींना भ्यायला? मी आयुष्यभर चौकाचौकांत उभा राहून सांगत आलो की बहुमत म्हणजे सत्य नव्हे. माझ्यावर टोमॅटो आले, एकदा चप्पल आली, तीही एकच. दुसरी आली असती तर वापरली तरी असती. पण शब्द मागे घेतला नाही. आणि मी जे बोललो ते तू फक्त बोलून नव्हे, जगून दाखवलंस, असं मी पोरांना सांगत होतो. आता काय सांगू?

मी त्या फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत होतो. लोक काय मागत होते ते मीही ऐकलं. काजळ फासलेली पोरं, काळ्या टी-शर्टातले माझ्याएवढे म्हातारे, सगळे ओरडत होते, “पेटी! पेटी!” त्यांना शवपेटी हवी होती, तिच्यातून उठणारा तू हवा होतास, तोंडातून ओघळणारं रक्त हवं होतं. आणि तू आलास पांढऱ्या सदऱ्यात, नाकावर चाळिशी. गिटारच्या तारा इतक्या सैल केलेल्या की त्या वाजत नव्हत्या, गुरगुरत होत्या. ढोल असा संथ, की दोन ठोक्यांमध्ये माणसाला आपले सगळे मेलेले आठवावेत. तिसऱ्या गाण्याला मागून कुणीतरी ओरडलं, “मामा, प्रार्थनेला मांडी घालून बसू का?” लोक हसले. निम्मे भेळ खायला गेले. मी तुझा चेहरा बघत होतो. तुझ्यावर दगड आले होते तेव्हा तो असा झाला नव्हता.

त्यानंतर नेटवर जे आलं तेही वाचलं. ‘झोटिंग रिटायर.’ ‘भीती वाटली नाही, झोप आली.’ ‘रक्त कुठाय?’ रक्त! इम्या, ते रक्त बिटाचं होतं. ते बीट तुझी आई किसून द्यायची, आणि किसताना म्हणायची, “नुसतं अंगावर सांडू नको रे, थोडं पी पण, अंगाला लागंल.” कवटी प्लास्टरची, साखळदंड बैलबाजारातले. भीती खोटी होती म्हणूनच टाळ्या इतक्या मोकळ्या वाजायच्या. घरी जाऊन माणूस शांत झोपायचा. ‘तळ’ ऐकून झोप येत नाही. ज्यांना आली म्हणतात त्यांनी पहिल्या गाण्यातच बंद केलं असणार. तू पहिल्यांदा लोकांना खरा अंधार दाखवलास आणि लोक म्हणाले, आमचा खोटा परत द्या. यात चूक तुझी?

ती श्रीगोंद्याची रात्र आठवते? कारखान्याच्या मैदानावरचा गळीत हंगामाचा कार्यक्रम. पेटी स्टीफनची. तो बिचारा खऱ्या पेट्या करणारा सुतार. नाटकाची पेटी कशी असते त्याला काय ठाऊक. तू आत झोपलास, त्यानं झाकण बसवलं आणि सवयीनं चारी कोपऱ्यांना स्क्रू पिळून मोकळा झाला. वर हात जोडून प्रार्थनाही म्हटली असेल. माझं काम निवेदनाचं, दोन मिनिटांचं. गिटार सुरू झाली, धूर सुटला, झाकण काही उघडेना. आतून तुझे ठोके. लोकांना वाटलं, वा, काय तयारी आहे! स्टीफन स्क्रू-ड्रायव्हर शोधत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांखाली पळतोय, आणि मी माईक धरून बोलतोय. मृत्यूवर बोललो, उसावर बोललो, मृत्यू आणि ऊस यांच्या नात्यावर बोललो. मध्येच पेटीकडे वाकून म्हणालो, “धीर धर, झोटिंगा, तुझी वेळ येतेय.” तू बाहेर आलास तेव्हा घामानं सगळा रंग उतरला होता, आणि ते मैदान जसं गरजलं, तसं परत कधी गरजलं नाही. नंतर तू मला म्हणालास, “गोरख्या, आत हवा संपत आली होती. पण तुझा आवाज येत होता ना, म्हणून बरं वाटत होतं.” 

‘तळ’चं बीज मला तिथं दिसतं. तू म्हणतोस की ते तुझ्या वडिलांचं आहे, आणि आहेच. ते विहिरींतला गाळ काढायला उतरायचे. किती गावांच्या विहिरींचा तळ त्यांनी पाहिला असेल. दोर कमरेला, टोपली पुढं, आणि वर काठावर एक माणूस नुसता हाक देत राहायला. त्याला दुसरं काही काम नसायचं. “हाय रं, हाय मी!” एवढंच, काम संपेपर्यंत. एकदा आपण त्यांना विचारलं होतं, खाली भीती वाटत नाही का? ते म्हणाले होते, “अंधाराची न्हाई वाटत. पान्याची बी न्हाई. वरची हाक थांबली की वाटती.” तू हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस आणि साठीनंतर त्याची सात गाणी केलीस. आणि आता म्हणतोस, विसरा.

मला माहीत आहे, तुझा खरा घाव कॉमेंटींचा नाही, अब्राहाम काकांच्या मातीचा आहे. तो व्हिडिओ. म्हणून त्या दिवशी काय झालं ते तू मोबाईलवर नव्हे, माझ्याकडून ऐक, कारण मी तिथं होतो.

काका मे महिन्यात गेले. भर दुपारची माती, ऊन असं की दफनभूमीतल्या लिंबालाही सावली पाडायची इच्छा नव्हती. दया मावशीचं भजनी मंडळ होतं, सगळ्या बाया साठीच्या पुढच्या, बाजाची पेटी, झांजा, एक तबला. शवपेटी खड्ड्यात उतरवली आणि त्यांनी गाणं उचललं. मी ओळखलं नाही पहिल्यांदा. मग शब्द आले: “खोल उतरलो, दोर दे, वर कुणी आहे का, हाक दे.” तुझं गाणं, इम्या. काठावरच्या बायांनी खड्ड्यातल्या माणसासाठी म्हटलं. ज्यानं तुला सैतानाचा भोंगा म्हटलं, त्याला मातीत तुझ्या गाण्यानं निरोप मिळाला, आणि गाणाऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं. 

मी नंतर मावशीला खूण करून पाटीवर लिहून विचारलं, हे कुठून आणलं? ती म्हणाली, “नातवाच्या मोबाईलात हुतं. मागं लई गरगर वाजत हुतं, ते सोडलं अन् शब्द घेतले. आमाला वाटलं, स्तोत्राचं जुनं गानं हाय.” मी लिहिलं, इम्याचं आहे. तिनं पाटी हातात घेऊन अक्षरं परत वाचली. मग म्हणाली, “इम्याचं? त्या भुताचं? मंग इतके दिवस कशाला बोंबलत हुता मेला, हे गायचं हुतं की आधी!” आणि डोळे पुसले.

सुनील तिथंच होता. काकांनी त्याला चौथीत शिकवलं होतं. ‘झोप आली’ ही कॉमेंट त्याचीच, मीच तुला तेव्हा सांगितलं होतं. काळ्या टी-शर्टात, कवटी उघडी, लिंबाला टेकून रडत होता. मला म्हणाला, “सर, हे तेच हाय ना? हेडफोनवर लई बोर वाटलं हुतं.” त्यानंच तो व्हिडिओ टाकला, अभिमानानं टाकला. लोकांनी त्याचं ‘झोटिंगचं भजन’ केलं, हसले, आणि तू हसणाऱ्यांचं ऐकलंस. तू त्याखाली लिहिलंस, मी मेटल वाजवतो, म्हाताऱ्यांची भजनं करत नाही. अरे, जड म्हणजे काय असतं मग? तारा सैल केल्या की गाणं जड होतं? त्या खड्ड्यापाशी चार बायांच्या गळ्यांतून जे निघालं त्याहून जड मी काही ऐकलेलं नाही. सगळा बाजा काढून टाकला तरी उभं राहिलं ते. किती जणांचं राहतं?

त्या दिवशी लोकांनी मलाही आग्रह केला, सर, दोन शब्द बोला. मी हात जोडले. कुजबूज झाली, गोरक्ष सर आणि बोलणार नाहीत? काकांवर अजून राग आहे काय? राग नव्हता. मघाशी मी पाटीवर लिहिलं असं म्हणालो, तिथं तू थांबला असशील. आता ऐक.

तुझं शेवटचं गाणं ‘हाक’ आपण जानेवारीत स्टीफनच्या सुतारशाळेत रेकॉर्ड केलं. त्यानं करवत बंद केली, भुशाचा वास होता, आणि काठावरच्या माणसाची ती हाक, ते निवेदन, तू मला म्हणायला लावलंस. मागे गिटारचा एकच सूर आणि माझा आवाज. तू खूश झालास. म्हणालास, “घोगरा झालाय, झकास, असाच ठेव, खोकून साफ करू नको.” तो घोगरेपणा भाषणांचा नव्हता, इम्या. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. सोमवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत, सगळं. माणूस राहील म्हणतात, आवाज राहणार नाही. आताही नुसती हवा निघते, म्हणून तुझा फोन घेतला नाही; तुला ती हवा ऐकवायची नव्हती. माझी जुनी भाषणं कुणी टिपून ठेवली नाहीत. मीच म्हणायचो, शब्द लोकांत राहतो, डब्यात कशाला? आता मुक्ता ‘हाक’ लावून स्वयंपाक करते. मला वाटतं मी ऐकत नाही असं तिला वाटतं. वर एवढी तत्त्वं सांगितली, ती सगळी खरी आहेत, त्यांतलं अक्षर मागे घेत नाही. पण ती नसती तरी मी हे पत्र लिहिलं असतं. डिसेंबरात पेटीतून ऊठ, बीट पी, लोकांना हवं ते सगळं कर, मी पहिल्या रांगेत येऊन टाळ्या वाजवीन. हात शाबूत आहेत. फक्त ‘तळ’ राहू दे. सोमवारी खाली उतरायची पाळी माझी आहे, आणि वर हाक द्यायला माझाच आवाज तेवढा उरलाय. तो बंद करू नकोस.

तुझाच,
गोरख्या