पाटलाची तार

दादा,

काल दुपारपासून घरातली एक पेटी मुकी होऊन बसली होती आणि मी तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होतो. पेटी म्हणजे दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढी काळी वस्तू, आत कॉम्प्युटरच्या दोन डिस्क. माझी चाळीस वर्षांची भाषणं कॅसेटींवरून उतरवून तिच्यात ठेवली आहेत. ती एका वायरनं राउटरला जोडलेली असते, आणि मग घरातल्या कुठल्याही मोबाइलवर, लॅपटॉपवर ती भाषणं ऐकता येतात. काल दुपारी इंटरनेटवाल्यानं जुना राउटर काढून नवा बसवला. मोबाइल चालले, टीव्ही चालला, पेटी तेवढी कुणालाच सापडेना. दिवा हिरवा, आतून बारीक घरघर, आणि हाक मारली तर उत्तर नाही. मी ती बंद करून चालू केली, वायर बदलली, वायरीचं दुसरं तोंड दुसऱ्या भोकात घातलं, शेवटी वरून दोन थापाही मारल्या. तुमची नात बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तो तुमचा माइक न्हाई. ठोकून बोलत नसतो."

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ही जन्मली. माझ्या भाषणांचं पुस्तक करायचं तिनं मनावर घेतलंय आणि त्यासाठी पुण्याहून परभणीला येऊन राहिलीय. पेटीही तिनंच आणलेली. तेव्हाच ती म्हणाली होती, बाबा, याची अजून एक प्रत दुसरीकडं ठेवू. दोन ठिकाणी ठेवलं की दोन्हीकडं हेळसांड होते, असं मी तिला ऐकवलं होतं. कॅसेटींना बुरशी आलेली, बहुतेकींची फीत उतरवून होताच तुटली. म्हणजे जे होतं ते या पेटीतच. पेटीच्या कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, मागं बारीक छिद्र आहे, त्यात टाचणी घालून दाबा. मी टाचणी हातात घेतलीसुद्धा. पोरीनं मनगट धरलं. थोडा वेळ दाबलं तर पेटी फक्त आपला पत्ता विसरेल, जास्त वेळ दाबलं तर आणखी काय काय विसरेल ते मला सांगता येत नाही, ती म्हणाली. मी टाचणी ठेवली, उठलो, अंगणात गेलो, परत आलो, परत उचलली. मला वाट बघता येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मग तुमची सायकल डोळ्यांपुढं आली. सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून तुम्ही निघायलाय, हँडलला तारेचं वेटोळं, कमरेला पक्कड आणि तो तपासणीचा जाड काळा फोन. कुठल्याही खांबावर चढून तारेला त्याचे चिमटे लावले की त्याच्यावर बोलता यायचं. मी सुट्टीत तुमच्या मागं कॅरिअरवर. मधल्याच एखाद्या वाकलेल्या खांबाकडं बोट दाखवून मी म्हणायचो, दादा, तिथंच बिघडलं असंल. तुम्ही सायकल थांबवायचा नाही. तुमचा नेम ठरलेला. आपल्या टोकापासून सुरुवात करायची, खांबामागून खांब घ्यायचा, आणि आवाज जिथं तुटतो तिथंच हात लावायचा. चांगल्या जोडाला हात लावला की एकाचे दोन बिघाड होतात, तुम्ही म्हणायचात.

पोरीनं तेच केलं, तुम्हाला न बघता. लॅपटॉप राउटरपासून सोडवला आणि वायरीनं थेट पेटीला जोडला. थोडी खटपट केली आणि हसायला लागली. या यंत्रांनाही घर नंबर असतात, दादा. राउटर ते वाटून देतो. पण आमच्या पेटीला तिनं कायमचा नंबर लिहून दिला होता, जुन्या राउटरच्या आळीतला, कारण मीच म्हणालो होतो की हिचा ठिकाणा बदलता कामा नये. नव्या राउटरची आळीच वेगळी. पेटी आपल्या जुन्या नंबरावर दार उघडं ठेवून बसली होती आणि त्या आळीत आता कुणी राहतच नव्हतं. पोरीनं लॅपटॉपला तात्पुरता जुन्या आळीतला नंबर दिला, आत शिरली, आणि पेटीला सांगितलं की इथून पुढं नवा राउटर देईल तो नंबर घे. दहा मिनिटांचं काम. भाषणं सगळी जागच्या जागी.

तिनं पहिलं उघडलं ते सेलूचं. जिनिंग मिलमागच्या मैदानातलं. नामांतराचं पहिलं साल, मी विशीतला, कॉलेज सोडून सभा करत हिंडणारा. खेड्यांतून आपल्या वस्त्या जळाल्याच्या बातम्या रोज येत होत्या. विद्यापीठाचं नाव औरंगाबादेत बदलणार होतं आणि छपरं इथली पेटत होती. तो राग मला आजही खरा वाटतो, त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. त्या सभेत मी म्हणालो, "घरं अजून धुमसत होती, आणि आपल्यातलाच एक माणूस खांबावर चढून पाटलाची तार जोडत होता." टाळ्या कडाडल्या. माणूस कोण ते मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्ही शेवटच्या रांगेत, सायकलीला टेकून उभे होता.

आणि तिथंच माइक गेला. वायर कुणाच्या तरी पायात येऊन तुटली होती. लोक गलका करायला लागले. मित्राचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर स्टेजवर माझ्याजवळच होता, त्याला माइकशी देणंघेणं नव्हतं, तो चालू राहिला. त्यात सगळं आलंय. गलका, मग पायांची सरसर, कुणीतरी म्हणतंय सरका सरका, मग पकडीचा आवाज. मग तुमचा, "हां. बोल आता."

तुमचा आवाज जगात तेवढाच उरलाय. तीन शब्द. आणि त्यानंतर टेपवर मी बोलतो. एक श्वाससुद्धा न थांबता मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, कारण मागच्यांना ऐकू गेलं नसेल. या खेपेला टाळ्या जास्त आहेत. पोरीनं तिथं टेप थांबवली आणि माझ्याकडं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "मागपर्यंत आला आवाज." बस. पुढं मरेपर्यंत वस्तीत तुम्ही पाटलाचा तारवाला झालात. हॉटेलात बसलात की कुणीतरी म्हणायचं, पाटलाला लाव की रं एक फोन, चहा पाठव म्हणावं. तुम्ही हसायचात. नामविस्तार झाला तेव्हा तुम्ही नव्हता. जल्लोषाच्या मिरवणुकीतही मला एकानं विचारलं, तारवाल्याचा तूच ना?

त्या खांबावर खरं काय झालं होतं ते लेकीला मी फार पूर्वी सांगितलंय. फोन बंद पडल्याच्या पाटलाच्या तक्रारीवरून तुम्ही त्याच्या गावी गेलात. वस्तीतली माणसं ज्वारीत लपलेली, एका म्हातारीचे दोन्ही हात भाजलेले. पाटील खाली उभा आणि तुम्ही वर खांबावर, तपासणीचा फोन तारेला लावून हालो हालो करायलाय. पाटलाला वाटलं, तार तपासायलाय. तुम्ही त्याच्याच तारेवरून सेलूच्या ऑपरेटरकडून परभणीचा सरकारी दवाखाना जोडून घेतला आणि दबक्या आवाजात सांगितलं की माणसं कुठं आहेत, गाडी पाठवा. गाडी आली. म्हातारी वाचली. खात्याची लाइन अशी वापरली म्हणून नोकरी गेली असती, म्हणून आईशिवाय तुम्ही कुणाला बोलला नाही. ऑपरेटरही नाही.

पुस्तकात त्या वाक्याखाली पोरीनं तळटीप लिहिलीय. हे सगळं थोडक्यात, आणि शेवटी, 'वक्त्याला ही हकीकत नंतर समजली.' मीच तिला तसं सांगत आलोय, की तुम्ही गेल्यावर, जलदानविधीच्या दिवशी आई बोलली. सभांतूनही सांगितलंय, लोकांचे डोळे भरून यायचे. आज सकाळी टेप ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, नंतर म्हणजे कधी? साल टाकते." उद्या छापखान्यात जायचंय. मी म्हणालो, बघून सांगतो.

हे कागदावर लिहितोय, कारण पेटीत ठेवलेलं तिला दिसतं. कुठल्या पत्त्यावर टाकणार आहे मी हे पत्र? तिच्यापुढं उभं राहून सांगायला हवं तेच इथं लिहितोय, एवढं मला कळतं.

बघायचं काही नाही, दादा. सभेच्या दिवशी सकाळी तुम्ही ड्यूटीवर गेलात आणि भाकरी थापता थापता आईनं मला सगळं सांगितलं. म्हणाली, "कुणापाशी बोलू नको. पर तुला म्हाईत असू दे, तुजा बाप कसा हाय ते." मी हो म्हणालो. भाषणाचा कागद खिशात होता, पेनही होतं. कुणाला काही न सांगता एक ओळ खोडली असती तरी पुरलं असतं. ती ओळ फार चांगली जमली होती.