मळवलीची झोप

कासारवाडी,
९ जानेवारी १९८१

प्रिय कादर,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. भोसरीहून कासारवाडीला सायकलवर माणूस अर्ध्या तासात येतो, पण तू आता साहेब झालास, टपालानेच येणार! तुझी अम्मी मात्र खूश आहे. कंपनीचा छापील कागद, खाली तुझं नाव, त्याखाली ‘कामगार कल्याण सहायक’. तिने तो शेजारच्या सुमनताईंना दाखवला, किराणावाल्याला दाखवला, आणि मला हात लावू देईना, म्हणे डाग पडतील. कारखान्यातली भट्टी सोडून वर्ष झालं, तरी तिला माझ्या हातावर काजळीच दिसते.

तू विचारलंस, पुढच्या शनिवारच्या शिबिरात बापांना आणि मुलांना तंबूत आरामात झोप लागावी म्हणून काय करावं, आणि मळवलीला आपल्याला मिळाल्या तशा गाद्या कुठे मिळतील. विचारणारच तू. अब्बा जन्मात एकदाच पोटभर झोपले ते मळवलीला, हे लहानपणापासून ऐकत आलास. तर ऐक. थंडी वरून लागत नाही, खालून लागते, म्हणून आधी वीतभर भाताचा पेंढा पसर, त्यावर ताडपत्री, मग गादी. तंबूचं तोंड वाऱ्याकडे नको. डोकं चढाच्या बाजूला करायचं, नाहीतर माणूस रात्रभर घसरत राहतो. पोराला तंबूच्या कडेला झोपवू नये, कापड दवाने ओलं होतं. कानाला मफलर, पायात मोजे, आणि निजण्याआधी एकदा बाहेर नेऊन आणायचं. एवढं केलं की पोर बापाच्या दंडावर डोकं ठेवतं आणि दगडासारखं झोपतं. बापही झोपतो. तिथेच तर घोटाळा आहे.

तुला तिथली शेकोटी आठवते, बटाटेवडे आठवतात. मला त्याआधीचं आठवतं. मी तेव्हा सहा वर्षं कायमचा तिसऱ्या पाळीला होतो. रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर, आणि दिवसा त्या एवढ्याशा खोलीत झोप. तुझं सगळं लहानपण ‘गप बस, अब्बा झोपलेत’ यात गेलं. गोट्या वाजू नयेत म्हणून तू गोधडीवर खेळायचास. मी डोळे मिटून पडलेला असायचो, झोप कसली लागतेय! तुझ्या गोट्या न वाजताही मला ऐकू यायच्या. नऊ वर्षांच्या पोराशेजारी मी सहा वर्षांत एक रात्र झोपलो नव्हतो, याची मला लाज वाटायची.

त्याच जानेवारीत, सहासष्ट साली, आमच्या कमिटीने ठरवलं होतं की सोमवारपासून काम बंद. अकरा बदली कामगारांना कंपनीने एका दिवसात काढलं होतं, त्यांना परत घ्या, एवढंच मागणं होतं. कमिटीत आम्ही सातजण. पुनावळ्याचा रंगराव आमच्यात सगळ्यात पुढे, आणि भट्टी माझ्या हातात म्हणून तिसऱ्या पाळीचा मी. आणि नेमकं त्याच आठवड्यात कंपनीने शिबिर काढलं. कामगाराने एक मूल घेऊन यायचं, शनिवार-रविवार, पगारी सुट्टी. ती चिठ्ठी आमच्या हातात दिली नाही रे त्यांनी. तुमच्या शाळेत वाटली. तू ती नाचवत घरी आलास आणि मला झोपेतून उठवलंस, सहा वर्षांत पहिल्यांदा. रंगराव म्हणाला, हनीफभाई, ह्ये दोन दिस कुटं जाऊ नगा. त्यालाही चिठ्ठी आली होती, त्याने पोराला सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, सोमवार अजून लांब आहे, माझ्याने पोराला नाही म्हणवत नाही. व्हय म्हणाला आणि निघून गेला.

ती रात्र तुला माहीत आहे. सकाळ माहीत नाही, ती मी तुला कधी सांगितली नाही. साडेपाचला कँटीनचा धोंडीबा दूध घेऊन ट्रकने आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, रात्री अकराला गेटवर टेबल टाकलं होतं. संपात जाणार नाही असं लिहून दिल्याशिवाय एकालाही आत सोडलं नाही. लोक तुम्हाला शोधत होते, हनीफभाई सांगेल तसं करू म्हणत होते. तुम्ही दिसेनात, मग एकेकाने सह्या केल्या. रंगराव तेवढा तिथेच उभा आहे. सातच्या पाळीला अडवून धरतो म्हणतो, हनीफभाई पहिल्या गाडीने येतील म्हणतो. मी शेकोटीकडे बघितलं. चहा पीत बसलेले बाकीचे पाचही कमिटीचेच. कमिटीबाहेरचा एक माणूस त्या शिबिरात नव्हता! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मळवली स्टेशन पंधरा मिनिटांवर होतं. सहाची गाडी धरली असती, तर सातला मी गेटवर होतो.

तुला उठवायला म्हणून मी तंबूत आलो. तू उबेत होतास, तोंड थोडं उघडं होतं. वाटलं, दोन मिनिटं टेकू. खोटं कशाला लिहू? दोन मिनिटं नव्हतीच ती. मला माहीत होतं मी काय करतोय. गाडीची शिटी मी ऐकली, तुला जवळ ओढलं आणि झोपलो. नऊ वाजेपर्यंत झोपलो. तीच ती पोटभर झोप.

रंगरावाला त्याच दिवशी काढलं. ते अकरा तर गेलेच. सोमवारी मीही सही केली. शिबिराची आठवण म्हणून कंपनीने प्रत्येकाला ती फोमची गादी घरी दिली, आणि आपल्या दारात ट्रकमधून ती उतरत होती तेव्हा रंगराव समोरून सायकल हातात धरून चालला होता. त्याने गादीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पुढे पंधरा वर्षं त्याने वीटभट्टीवर विटा वाहिल्या. त्याच गादीवर तू मॅट्रिक झालास, पदवीधर झालास. मी तिच्यावर पाठ टेकली नाही, चटईवरच झोपलो. तुझी अम्मी समजत राहिली की माझी कंबर दुखते.

आता हे आज का लिहितोय ते सांगतो. पत्रासोबत तू वीस कामगारांची यादी पाठवलीस, वस्तीतल्या ओळखीने यांना तयार करा म्हणून. मी वाचली. वीसच्या वीस तुमच्या युनियनच्या कमिटीचे. आणि शिबिराच्याच शनिवारी रात्री तुमच्या गेटवर त्यांची सभा आहे, हे इथल्या चहावाल्यालाही माहीत आहे. पोरगं नवीन आहे, यादी वरून आली असेल, याला काय कळतंय, असं मी मनाला खूप समजावलं. पण शेवटी तू आपल्या हाताने लिहिलंस, ‘आधी मुलांना सांगा, मुलं हट्ट करतील, बाप आपोआप येतील.’ कादर, हे तुला कोणी शिकवलं नाही. हे तू माझ्याकडे बघून शिकलास. काल मी पुनावळ्याला गेलो आणि ती यादी रंगरावाच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारलं, पोरगं तुजंच न्हवं? मी हो म्हटलं. त्याने मला बस म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने ती वीसही घरांत पोचवली. तुझी नोकरी राहणार नाही, हे मला कळतं. अम्मीला मी अजून सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग, टपालाने नको.

तुझाच,
अब्बा