सतरा नंबरच्या बिल्ल्याबाबत

मी, वय एकाहत्तर, निवृत्त बॉयलर-चालक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. घरच्यांचे मत वेगळे असल्याने डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

एक. राहते घर पत्नीला द्यावे. बॉयलर फुटल्यापासून एकवीस वर्षे या घरात कोणी दार आपटलेले नाही आणि कुकर माळ्यावर पडून आहे. मला आवाजाचा त्रास नाही, हे सांगून माझी जीभ झिजली. कुकर आजच खाली काढावा.

दोन. बँकेतील ठेव मुलीला. तिने हौसेने किल्ल्यांसाठी खुंट्यांची फळी लावली होती, ती मी जावयासमोर हातोडीने फोडली. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

तीन. नट आवळायचे माझे सर्व पाने आणि हातोडी धाकट्या भावाला. "तू काय युद्धावर गेला होतास?" असे तो दर भेटीत विचारतो. नव्हतो गेलो. स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी मात्र त्याच कारखान्यात कामावर गेलो होतो, आणि काय झाले ते कोणी विचारले नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारले. त्या म्हणाल्या, "दुखणं नुसत्या धमाक्याचं नसतं. त्यानंतर तुम्ही काय गिळून बसलात, त्याचंही असतं."

चार. आत जाताना प्रत्येकाने फळीवरचा आपला बिल्ला खिशात घ्यायचा, बाहेर पडताना परत टांगायचा, अशी आमची पद्धत. सुटीला वेळेत बिल्ला न टांगल्याचा शेरा बसू नये म्हणून मी आणि माझा पाळीतला जोडीदार लंबू एकमेकांचे बिल्ले टांगत असू. त्या दिवशी त्याने हातात दिलेला त्याचा सतरा नंबर मीच टांगला. तो मागून येणार होता. तेवढ्यात बॉयलर फुटला. बंबवाल्याने विचारले, "आत कोणी आहे?" मी फळीकडे पाहिले. सगळ्या खुंट्या भरलेल्या. मी म्हणालो, "कोणी नाही."

चौकशीत लिहिले गेले की लंबू नियम मोडून पुन्हा आत शिरला. मी गप्प बसलो. तो पुन्हा आत गेला नव्हता. तो बाहेर आलाच नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे असलेला हा बिल्ला त्याच्या पत्नीला द्यावा.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीला तीच हवी होती, म्हणून बिल्ला तिला आज, सहीआधीच दिला. हे कलम वाचून तिने बिल्ला उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "एकवीस वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते, भावोजी."

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक : चार मार्च.
सही : बॉयलर-चालक, बिल्ला क्रमांक सोळा.
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई. २. लंबूची पत्नी. सही केली, चहा न घेता गेली.