लांब बाह्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम. नजर अधू झाली आहे, डोके ठिकाणावर आहे. हे मी आपल्या मर्जीने लिहीत आहे, कोणाच्या धाकाने नाही. धाकात काढायची ती वर्षे काढून झाली.

१. माझे राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, मी शिवणाच्या कमाईतून घेतले. माझ्या पश्चात ते सर्वस्वी माझ्या सुनेचे. मुलाचा त्यावर हक्क राहणार नाही. हे नजरचुकीने लिहिलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात सून ड्रेसचे कापड घेऊन आली. म्हणाली, "आई, बाह्या मनगटापर्यंत ठेवा." भर उन्हाळ्यात लांब बाह्या कशाला, हे मला विचारावे लागले नाही. नवरा होता तोवर माझेही सगळे कपडे तसेच होते. माप घेताना टेप दंडाला लागली, तशी ती कळवळली.

मुलाला जाब विचारला. तो म्हणाला, "बाबा मारायचे तेव्हा तू कुठे बोललीस? झालाच ना संसार?"

तो दहा वर्षांचा असताना नवऱ्याने माझे मनगट मोडले. डॉक्टरांना मी मुलाच्यादेखत सांगितले, जिन्यावरून पडले. आम्ही राहायचो त्या घराला जिनाच नव्हता. पोर सगळे बघत होते.

दुसऱ्या सकाळी सुनेला घेऊन पोलीस चौकीत गेले आणि पोटच्या पोराविरुद्ध जबाब दिला. हवालदार म्हणाले, "आजी, घरातलं घरात मिटवा की."

म्हटलं, "चाळीस वर्षं तेच केलं. आता तुम्ही लिहून घ्या."

२. शिलाई मशीन व कात्र्याही सुनेला. तिला शिवणाचा कंटाळा आहे, तिने खुशाल विकावे.

३. नवऱ्याचा फोटो मुलाने न्यावा. माझा फोटो त्याच्या शेजारी टांगू नये.

४. मुलगा उद्या सुधारून दारात आला, तर त्याला आत घ्यायचे की नाही, हे सून ठरवील. मी आई आहे. माझी शिफारस धरू नये.

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली. दिनांक १४ जून २०२१.

लिहून देणार: शिवणवाल्या काकू (सही)

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

साक्षीदार दुसऱ्या: जुन्या घराच्या भिंतीपलीकडच्या वहिनी. आमच्याकडे आवाज चढला की त्या रेडिओ मोठा करायच्या. आज म्हणाल्या, "मला सगळं ऐकू यायचं. तेही लिहा." लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि सही केली.